शी, हात, पाणी आणि मगच घास : दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी

बाळाचं वजन अडलं की प्रश्न ठरलेला असतो : "ताई, कुठली पावडर सुरू करू?" नाशकात सातपूरच्या चाळीत हाच, गंगापूर रोडच्या सातव्या मजल्यावर हाच, आणि सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागेत कामाला आलेली आईही हेच विचारते. फरक फक्त डब्याच्या किमतीचा. मी उलट विचारते, "बाळाची शी कुठे टाकता?" मग समोरची बाई जरा नाराजच होते.

पण गाडी अडते ती तिथेच. पाट मधे फुटला असेल तर मोटर दिवसभर चालवूनही शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. बाळाच्या आतड्याचं तसंच आहे. आतड्याच्या भिंतीवर केसांसारखे बारीक अंकुर असतात आणि अन्नातला कस तेच शोषून घेतात. शीमधले जंतू रोज थोडेथोडे पोटात जात राहिले की हे अंकुर झिजतात, खुरटतात. दर वेळी जुलाब होतातच असं नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. बाळ खातं, पण अंगी लागत नाही. जे लागतं त्यातलंही काही जंतूंशी झगडण्यात खर्च होतं. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण १००० दिवसांत उंची आणि मेंदू दोन्ही झपाट्याने वाढतात. या काळात राहिलेली उंची पुढे भरून काढणं फार अवघड जातं.

म्हणून खाली दिलेला क्रम उलटा करू नका. घास पाचव्या टप्प्यावर आहे, तो मुद्दाम.

## तयारी : बाळ पाच महिन्यांचं झालं की

उष्टावणाच्या आदल्या दिवशी जमवाजमव केली की सोन्याची अंगठी सापडते आणि साबण सापडत नाही. महिनाभर आधी एवढं जमवा :

१. फक्त बाळासाठी स्टीलच्या दोन वाट्या आणि दोन लहान चमचे.
२. पिण्याच्या पाण्यासाठी झाकण आणि तोटी असलेलं पिंप. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं.
३. साबण तीन ठिकाणी : संडासाजवळ, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ आणि बाळाला भरवता तिथे.
४. लंगोटांसाठी झाकणाची वेगळी बादली.
५. रोज धुता येईल अशी चटई किंवा जाड सतरंजी.
६. ओआरएसची दोन पाकिटं आणि एक लिटरचं माप.
७. माता व बाल संरक्षण कार्ड, हाताशी येईल अशा जागी.

आता घरातली एक वाटी मोजा. तक्त्यांमध्ये "अर्धी वाटी", "पाऊण वाटी" लिहिलेलं असतं, ती वाटी बहुतेक वेळा २५० मिलिलिटरची धरलेली असते. आपली आमटीची वाटी साधारण १५० मिलिलिटरची भरते. मापाने पाणी ओतून बघा आणि नेलपॉलिशने बाहेरून खूण करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण "अर्धी वाटी खातो हो" म्हणणाऱ्या निम्म्या घरांचा हिशेब इथेच चुकलेला असतो.

काय आणू नये तेही सांगते. दुधाची बाटली नको. आजीच्या कपाटातलं चांदीचं बोंडलंही शोभेपुरतंच ठेवा, कारण त्याच्या नळीत आत काय साचलंय ते कुणालाच दिसत नाही. वाटी-चमचा दिसायला साधा, पण धुतल्यावर स्वच्छ झाला की नाही हे डोळ्यांनी कळतं.

सावधान : सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. मे महिन्यातल्या उन्हातही वरचं पाणी नको, दुधात पुरेसं पाणी असतं. डॉक्टरांनी दिलेली औषधं, थेंब आणि लसी तेवढ्या चालतात. बाळगुटी नको, सहाणेवर उगाळताना काय काय मिसळतं ते सहाण उलटी करून बघा. मध एक वर्षापर्यंत चाटवायचाही नाही, त्यातून लहान बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. रामकुंडावरचं तीर्थ बाळाच्या डोक्यावर शिंपडा, तोंडात घालू नका.

## टप्पा १ : शी कुठे जाते ते ठरवा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "दुधाची शी, तिला कसली घाण?" हा समज. वास कमी येतो, जंतू कमी नसतात. उलट बाळाची शी घरातच, स्वयंपाकाजवळ, माणसांच्या हातापायांत पडते. तिथून तोंडापर्यंत जायला बोटं, माश्या, माती, पाणी आणि अन्न अशा पाच वाटा आहेत. पहिल्याच जागी अडवलं तर पुढच्या पाचही वाटांवरचं काम हलकं होतं.

१. लंगोट किंवा डायपर काढला की शी थेट संडासात टाका, डायपर वापरत असाल तरीही.
२. लंगोट झाकणाच्या बादलीत, बाकीच्या कपड्यांत नाही.
३. बाळाचा पार्श्वभाग धुवा आणि ते पाणीही संडासात ओता.
४. बाळाचे हात धुवा. धुताना त्याने हात खाली नेलेला असतोच.
५. सगळ्यात शेवटी स्वतःचे हात साबणाने धुवा. मधेच धुऊन पुन्हा लंगोट उचलायचा नाही.

मोरीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे जुन्या घरांत भांडी, आंघोळ आणि लंगोट सगळं एकाच मोरीत होतं. सकाळी लंगोट, अर्ध्या तासाने तिथेच बाळाची वाटी उपडी. दुसरी जागाच नसेल तर निदान वेळा बदला : भांडी आधी, लंगोट नंतर, आणि मग मोरी घासून घ्या. भांडी मोरीच्या फरशीवर कधीच टेकवू नका. पाट किंवा जाळीची टोपली ठेवा.

वापरलेला डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा द्या. नासर्डी नदीच्या पुलावरून भिरकावलेले डायपर मी रोज बघते. पुढे त्या पाण्याकाठीही लहान मुलं खेळतात.

संडास सार्वजनिक असेल तर शी प्लास्टिकच्या पॉटीत धरा, वर मूठभर राख टाका, झाकून न्या आणि तिथे ओता. शेतातल्या झोपडीत असाल तर विहिरीपासून आणि झिऱ्यापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला हातभर खड्डा करा. प्रत्येक वेळी वर माती लोटा.

तपासा : आज सकाळची शी नेमकी कुठे गेली, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारा. आजी "अंगणात कागदावर" म्हणाल्या तर हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा २ : हात

हात धुण्याच्या वेळा पाचच आहेत : संडासानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, बाळाला भरवण्याआधी आणि स्वतः जेवण्याआधी. यातली चौथी वेळ सर्रास चुकते. स्वयंपाकाआधी हात धुतलेले असतात, म्हणून बाईला वाटतं झालं. मधल्या वेळात फोन हाताळलेला असतो, गॅसचं बटण फिरवलेलं असतं, थोरल्याचं नाक पुसलेलं असतं.

हात भिजवा, साबण लावा, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली चोळा. सगळं मिळून २० सेकंद. अंगठी काढा, बांगड्या वर सारा. मग हात हवेत वाळू द्या. आपल्या सगळ्यांचा हात आपसूक पदराकडे किंवा ओढणीकडे जातो, आणि २० सेकंदांची मेहनत पदरातच राहते.

द्राक्षबागेच्या झोपडीत नळ नसतो. तिथे पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी खिळ्याने भोक पाडा, बाटली दोरीने टांगा, शेजारी जुन्या पायमोज्यात साबणाची वडी. झाकण सैल केलं की धार लागते, घट्ट केलं की थांबते. एका बाटलीत तिघाचौघांचे हात निघतात.

सावधान : फवारणीचे कपडे घातलेल्या माणसाने बाळाला उचलू नये. कपडे बदलायचे, हातपाय धुवायचे, मग बाळ. आणि औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी त्यात पाणी भरायचं नाही. चांगला घट्ट झाकणाचा असतो म्हणून तो मोह होतो.

## टप्पा ३ : पाणी

शहरात गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध होऊन येतं, पण जलवाहिनीपासून तुमच्या पेल्यापर्यंत अजून तीन मुक्काम असतात : सोसायटीची टाकी, घरातलं पिंप आणि आत बुडवलेला तांब्या. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा सगळे सावध होतात. टाकीच्या तळाचा गाळ मात्र बारा महिने असतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर उन्हाळ्यात झिऱ्याचं किंवा टँकरचं पाणी वाट्याला येतं. तिथे दोन हंडे वेगळेच काढा : एक फक्त पिण्याचा आणि बाळाच्या स्वयंपाकाचा, दुसरा बाकी सगळ्याचा.

क्रम असा :

१. पाणी दुहेरी घडीच्या सुती कापडातून गाळा. गाळणं रोज धुवा आणि उन्हात वाळवा.
२. फारच गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या आणि वरचं पाणी अलगद काढा. तुरटीने गाळ बसतो, जंतूंचा भरवसा देता येत नाही. इथेच थांबणारी घरं खूप आहेत.
३. बाळासाठी पाणी उकळा. बुडबुडे दिसू लागले म्हणजे उकळी नव्हे. पाणी खळखळायला लागल्यावर पूर्ण एक मिनिट. इंधन वाचवायचं असेल तर बाळापुरतं एक-दीड लिटर उकळा, घरभराचं नको.
४. उकळणं जमणार नसेल तर आरोग्यसेवकाकडून क्लोरीनची गोळी किंवा द्रावण घ्या. पाकिटावर लिहिलंय तेवढंच प्रमाण, आणि नंतर अर्धा तास थांबायचं. गोळी टाकून लगेच प्यायलेलं पाणी न शुद्ध केलेल्या पाण्यासारखंच.
५. त्याच भांड्यात झाकून निवू द्या. तोटीने किंवा ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका.

आरओ यंत्र बसवलेल्या घरांसाठी एक वाक्य : यंत्रातून आलेलं शुद्ध पाणी काल न धुतलेल्या पेल्यात घेतलं तर पैसे यंत्राचे गेले, पाणी पेल्याचं प्यायलात.

## टप्पा ४ : रांगणाऱ्या बाळाची जमीन

बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये काही वर्षांपूर्वी मोठ्या चाचण्या झाल्या. घरोघर साबण, क्लोरीन आणि सुधारलेले संडास दिले. नुसत्या स्वच्छतेच्या गटांत बाळांची उंची वाढली नाही. आहाराची जोड दिलेल्या गटांत वाढली, तीही थोडीच. यावरून "स्वच्छतेचा उपयोग नाही" असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. पाचपैकी दोन-तीन वाटा बंद करून बाकीच्या उघड्या ठेवल्या तर जंतू कमी होतात, पुरेसे कमी होत नाहीत. उघडी राहिलेली एक मोठी वाट म्हणजे बाळ रांगताना तोंडात घालतं ती माती आणि तिच्यातली कोंबड्यांची विष्ठा, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे.

आपल्याकडे कोंबडी घरातच झाकतात, शेळी ओसरीवर. अंडी आणि दूध बाळाला हवंच आहे, तेव्हा जनावरं विका असं कोण सांगेल? फक्त रात्रीचं खुराडं बाहेर काढा आणि बाळाची जागा वेगळी करा : चटई, भोवती उशा किंवा बांबूची बुटकी चौकट. चपला दाराबाहेर. चटई रोज झटका, आठवड्यातून दोनदा तरी धुवा, उन्हात टाका. खेळणी, म्हणजे खरं तर रिकामी डबी, चमचा, लाटणं, यांनाही रोज साबणपाण्याची आंघोळ.

सावधान : हे वाचून बाळाला दिवसभर झोळीत किंवा कडेवर बांधून ठेवू नका. रांगणं, उचलणं, आपटणं, ओतणं यातूनच मेंदूला खुराक मिळतो. जमीन स्वच्छ करायची आहे, बाळाला जमिनीपासून तोडायचं नाही.

## टप्पा ५ : घास

सहा महिने पूर्ण झाले की सुरू. मामा दुबईहून येणार म्हणून उष्टावण आठव्या महिन्यावर गेलेलं मी पाहिलंय. समारंभ मामाच्या सोयीने करा, घास त्याआधीच सुरू करा. आणि ती खिरीची अंगठी आधी उकळत्या पाण्यातून काढा.

पातळपणाची चूक. आजार झाला की आणि नसला तरी, बाळाला "हलकं" म्हणून वरणाचं पाणी, भाताची पेज, डाळीचं वरचं पाणी देतात. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. सात किलोच्या बाळाला सुमारे २०० मिलिलिटर. ती जागा पाण्याने भरली तर कस कुठे मावणार? तपासणी सोपी आहे : चमचा तिरका करा. घास चमच्याला धरून राहिला पाहिजे, ओघळून गेला तर पातळ आहे.

किती आणि किती वेळा (२५० मिलिलिटरची वाटी धरून, आईचं दूध सुरू असताना) :

- सहावा महिना संपल्यावर : २-३ मोठे चमचे, दिवसातून २ वेळा, हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, २-३ वेळा.
- ९ ते ११ महिने : अर्धी ते पाऊण वाटी, ३-४ वेळा, शिवाय मधे एखादं खाणं.
- १ ते २ वर्षं : पाऊण ते एक वाटी, ३-४ वेळा, मधे एक-दोन खाणी.

घासाचा पोतही वाढवत न्या. सुरुवातीला मऊ, गुठळी नसलेलं. आठव्या महिन्यापासून कुस्करलेलं आणि हातात धरून चावता येईल असं. वर्षाचं झालं की घरातलंच, कमी तिखटाचं. मिक्सरमधून काढलेलं वर्षभर भरवत राहिलात तर पुढे ते चावायचंच नाकारतं, आणि मग "जेवतच नाही" ही दुसरी तक्रार घेऊन याल.

घरचं पीठ. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात नागली (नाचणी) पिकते. १०० ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही नाहीत.

१. दोन वाट्या नागली तीन-चार पाण्यांत धुवा. खडे वेचा.
२. उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा.
३. धुतलेल्या कापडात बांधून मोड आणा. आंबूस वास किंवा बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या, उन्हात वाळवून वाचवू नका.
४. कापडावर कडकडीत वाळवा, वर जाळी टाका.
५. मंद आचेवर हलकं भाजा. खरपूस करायचं नाही. मोडांमुळे तयार झालेला, पीठ पातळ करणारा गुण जास्त भाजल्याने मरतो. त्या गुणामुळेच तेवढ्याच घासात जास्त पीठ मावतं.
६. एक वाटी मूगडाळ वेगळी भाजा. दोन्ही एकत्र बारीक दळा.
७. वस्त्रगाळ करू नका. सत्त्व म्हणून पांढरंशुभ्र काढतात, त्यात सालीबरोबर बरंचसं कॅल्शियमही चोथ्यात जातं. बारीक चाळणी पुरे.
८. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, एकावेळी पंधरा दिवसांपुरतंच.

शिजवताना दोन मोठे चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात आधी कालवा, मग आचेवर ठेवा. गरम पाण्यात टाकलंत की गाठी. सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. उतरवल्यावर एक लहान चमचा तूप किंवा तेल. तुपाचा तो चमचा विसरू नका, पोट लहान असताना ताकद वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच. दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ नको. पहिल्या वर्षी मीठही वरून घालू नका.

पण रोज तीनदा नागलीच दिलीत तर तीही चूक. धान्य, डाळ-शेंगा-दाणे, दूध-दही, अंडी, मांस-मासे, पिवळी-केशरी फळं-भाज्या आणि पालेभाज्या, इतर फळं-भाज्या हे सात आणि आठवं आईचं दूध. यातले रोज निदान पाच पोटात जायला हवेत. घरच्या ताटातूनच काढा : गुरगुट्या भातात घट्ट वरण आणि शेवग्याचा पाला, बाजरीची भाकरी हुलग्याच्या घट्ट आमटीत कुस्करून, भाताला शेंगदाण्याचं बारीक कूट. अंडं सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवून, पिवळ्यासकट. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेच्या गावांत सात महिन्यांपुढच्या बाळासाठी अंगणवाडीतून अंडं किंवा केळी मिळतात. ती थोरल्याच्या पोटात जाताहेत की धाकट्याच्या, ते बघा. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह जास्त लागू पडतं. चहा मात्र एक चमचाही नको. चहा-बिस्किट हे खाणं नव्हे. चहा लोह अडवतो आणि बिस्किटाने भूक मरते.

सावधान : द्राक्षाच्या जिल्ह्यात हे सांगावंच लागतं. अख्खं द्राक्ष बाळाच्या घशात बुचासारखं बसतं. भरपूर पाण्यात धुवा आणि उभे चार तुकडे करा. पाच वर्षांपर्यंत हाच नियम. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके बाळाच्या हाताला लागतील असे ठेवू नका.

शिळ्याचा नियम. शिजवलेलं अन्न दोन तासांत संपवा; एप्रिल-मेच्या उन्हात एकाच तासात. बाळाच्या उष्ट्या चमच्याने ढवळलेलं उरलं तर ते ठेवायचं नाही. आई बागेत कामाला जाते, सकाळी सातला केलेलं दुपारी एकला आजी भरवते : जुलाबांचं कारण पुष्कळदा हेच असतं. तिथे उपाय म्हणजे पीठ कोरडंच ठेवा आणि आजीला दहा मिनिटांत ताजं शिजवायला शिकवा.

## टप्पा ६ : भरवणं

समोर बसा, डोळ्यांत बघा, बोला. मोबाइल दोघांच्याही हातात नको. चमचा ओठांजवळ न्या आणि तोंड उघडायची वाट बघा. नाक दाबून, मांडीत धरून घातलेला घास ठसक्याला आणि कायमच्या तिटकाऱ्याला निमंत्रण. नवी चव आठ-दहा वेळा नाकारली जाते, म्हणून दोनदा थुंकल्यावर "त्याला आवडत नाही" असा निकाल देऊ नका. काऊ-चिऊचा घास आपल्याकडे आहेच. भाषाही त्याबरोबर पोटात जाते.

## टप्पा ७ : जुलाब लागले तर

१. ओआरएस. पाकीट पूर्ण, पाणी मोजून. मोठं पाकीट एक लिटरचं, लहान २०० मिलिलिटरचं, वर वाचा. मोठ्या पाकिटातलं चिमूटभर पेल्यात टाकणं ही नेहमीची चूक. केलेलं पाणी २४ तासांनी फेका.
२. दर पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू.
३. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानातली रंगीत खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नका.
४. झिंक, आशाताईंकडून किंवा डॉक्टरांना विचारून : सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळी थांबते, ती थांबवू नका.
५. आईचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू. "पोटाला आराम" देऊ नका. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. हा शेवटचा भाग जवळपास कुणीच करत नाही, आणि दर आजारात गेलेलं अर्धा-पाव किलो परत येत नाही.

लगेच दवाखाना : बाळ मलूल झालं, पिता येत नाही, डोळे खोल गेले, पोटाच्या कातडीची चिमूट सोडल्यावर हळू बसते, शीमध्ये रक्त, काहीच पोटात ठरत नाही, किंवा जुलाब १४ दिवस चालू. गाडी नसेल तर १०८ लावा. जुलाब "बांधणारी" मोठ्यांची गोळी बाळाला कधीच नाही.

## टप्पा ८ : मोजणी

दर महिन्याला अंगणवाडीत वजन. काट्याचा शून्य बघा, बाळाचे कपडे काढा. थंडीतल्या झबलं-टोपडं-स्वेटरचा पाव किलो वजनवाढ म्हणून लिहिला जातो. दोन वर्षांच्या आत लांबी झोपवून मोजतात, गुडघे सरळ आणि टाच टेकवून. गेल्या वेळी उभं करून आणि या वेळी झोपवून मोजलं तर काही मिलिमीटर फुकटचे वाढलेले दिसतात.

वजनाचा आकडा ऐकून घरी जाऊ नका, कार्डावरची वाढीची रेघ बघा. सलग दोन महिने ती आडवी असेल तर टप्पा १ पासून पुन्हा तपासा. पावडरीकडे धावू नका. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेरही मोजून घ्या : ११.५ सेंटिमीटरच्या आत किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल तर बाळ तीव्र कुपोषित आहे. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथून गरज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर सेविकेला अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्राबद्दल विचारा.

त्याच फेरीत कार्डावर आणखी तीन रकाने बघून घ्या : सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध, नवव्या महिन्यात आणि मग दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्व, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर जंतनाशक, दोन वर्षांपर्यंत अर्धीच गोळी, कुस्करून. रकाना रिकामा असेल तर सेविकेला तिथेच विचारा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. लोहाने शी काळी होते. घाबरून बंद करू नका.